शाखा २६, साचे ३: पतसंस्थेच्या एसडी-वॅनचं कॉन्फिगरेशन पुन्हापुन्हा वापरता येईल असं कसं रचावं

प्रश्न थोडक्यात असा: पेडण्यापासून काणकोणपर्यंत २६ शाखा असलेली पतसंस्था. मुख्य सर्व्हर पणजीत, पर्यायी मडगावात. बहुतेक शाखांत एक फायबर ब्रॉडबँड आणि जोडीला एक ४जी सिम. राउटर आणि एसडी-वॅन (सगळ्या शाखांच्या लाइनी एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) दोन्ही सिस्कोचं. मॅनेजर या तिच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरमध्ये २६ शाखांची २६ डिव्हाइस टेम्प्लेट, म्हणजे राउटरच्या कॉन्फिगरेशनचे साचे, आहेत. नवी शाखा उघडली की शेजारच्या शाखेचं टेम्प्लेट कॉपी करून पत्ते बदलले जातात. सिसलॉग (राउटरच्या नोंदी साठवणाऱ्या) सर्व्हरचा एक पत्ता बदलायला चार दिवस लागले. एकदाच लिहून सगळीकडे लावता येईल असं कॉन्फिगरेशन कसं करायचं?

शाखागणिक टेम्प्लेट असेल तर ते टेम्प्लेट नव्हेच, ती हाताने लिहिलेली फाइल झाली. फक्त जागा बदलली. पण लगेच नवे साचे करायला बसू नका. आधी तीन शाखांचं चालू कॉन्फिगरेशन काढा: एक शहरातली, एक किनाऱ्यावरची, एक सत्तरीसारख्या आतल्या भागातली. शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक फरकाला रंग लावा. आकड्याचा फरक एका रंगात: पत्ता, होस्टनेम, सर्किट नंबर. रचनेचा फरक दुसऱ्या रंगात: इथे एक राउटर, तिथे दोन. आणि कुणालाच कारण सांगता येत नाही असा फरक तिसऱ्या रंगात: एकीकडे एनटीपी (घड्याळ जुळवणारे) सर्व्हर दोन, दुसरीकडे तीन, एकीकडे डीएचसीपीने (आपोआप पत्ता वाटणाऱ्या सेवेने) दिलेल्या पत्त्याची मुदत १ दिवस, दुसरीकडे ८. कॉपी करत वाढलेल्या जाळ्यात हा तिसरा ढीगच मोठा निघतो. तो जुन्या व्यवस्थेतच निकालात काढा. नाहीतर प्रत्येक जुनी चूक नव्या साच्यात व्हेरिएबल होऊन बसते आणि मग तिला हात लावायला कुणी धजत नाही.

रचनेचे जे फरक उरतात ते जवळजवळ सगळे लाइनीचे असतात. शाखांमध्ये फारसा फरक नसतो; काउंटर, एटीएम, कॅमेरे, शाखाधिकाऱ्याची केबिन सगळीकडे तेच. म्हणून साचे शाखांच्या नावाने न करता लाइनीच्या प्रकाराने करा. तुमच्याकडे वरवर पाहता पाच प्रकार दिसतील: स्थिर पत्त्याची लीज्ड लाइन, राउटरवरूनच पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन होणारी जोडणी) डायल होणारं फायबर, ओएनटीच्या (पुरवठादाराच्या फायबर डब्याच्या) मागे डीएचसीपीने पत्ता घेणारं फायबर, ४जी, आणि एखाददुसरी जुनी एमपीएलएस (पुरवठादाराच्या खासगी जाळ्यातली लाइन).

यातला पीपीपीओईचा प्रकार काढून टाका. पुस्तकी सल्ला उलटा मिळेल: ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाका, डायल राउटरवरून करा, म्हणजे दुहेरी नॅट (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवणं) टळतं. हे तत्त्वतः बरोबर आहे. पण जूनमध्ये विजेने ओएनटी गेला की पुरवठादाराचा माणूस नवा लावून जातो, तो राउटर मोडमध्येच. तुमचा राउटर पीपीपीओई डायल करत राहतो, समोर उत्तर देणारं कुणी नसतं आणि शाखा बसते ४जीवर. सगळी ब्रॉडबँड लाइन ओएनटीच्या मागे, डीएचसीपीवर ठेवली तर नवा ओएनटी लागला की पाच मिनिटांत टनेल (मुख्य सर्व्हरपर्यंतची एन्क्रिप्टेड वाट) उभा. दुहेरी नॅटचा खरा त्रास होतो तो दोन शाखांमध्ये थेट टनेल बांधताना, विशेषतः दोन्हीकडे सिमेट्रिक नॅट (समोरच्या प्रत्येकासाठी वेगळा पोर्ट वापरणारं) असेल तर. तुमच्या शाखांना एकमेकींशी थेट बोलायचंच नाही. त्या पणजी-मडगावशी बोलतात आणि तिथे नॅट नसलेला पब्लिक पत्ता आहे. शिवाय प्रत्येक ओएनटीच्या मागे तेच १९२.१६८.१.० असलं तरी बिघडत नाही, कारण तो पत्ता व्हीपीएन ० मध्येच (राउटरच्या बाहेरच्या लाइनींच्या कप्प्यातच) राहतो, काउंटरच्या व्हीपीएनमध्ये उतरत नाही. पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्डही मग तुमच्या शीटमधून (शाखागणिक माहितीच्या तक्त्यातून) गेलं, म्हणजे ते व्हॉट्सॲपवर फिरणंही थांबलं.

एक दक्षता मात्र हवी. ओएनटी पुढे पीपीपीओईच करत असतो आणि त्यात ८ बाइट जातात. म्हणून या साच्यात वॅन (बाहेरच्या) इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १५०० न ठेवता १४९२ ला बांधा आणि सर्व्हिस (शाखेच्या आतल्या) बाजूला टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा) १३०० करा. हे राहिलं तर दिसणारं लक्षण फसवं असतं: पिंग चालतो, लॉगिनचं पान उघडतं, पण मोठा रिपोर्ट किंवा स्कॅन केलेला फॉर्म अर्ध्यात लटकतो. लोक मग आठवडाभर सर्व्हरवाल्यांशी भांडत बसतात.

एमपीएलएस मुदत संपेपर्यंत आहे तशी चालू द्या. त्यासाठी नवा साचा लिहू नका. म्हणजे उरले तीन साचे: ब्रॉडबँड अधिक ४जी, लीज्ड लाइन अधिक ब्रॉडबँड, आणि दोन राउटरवाली मोठी शाखा. शक्य असेल तर जुन्या डिव्हाइस टेम्प्लेटऐवजी कॉन्फिगरेशन ग्रुप वापरा. डिव्हाइस टेम्प्लेट एकाच मॉडेलला बांधलेलं असतं. पुढच्या खरेदीत मॉडेल बदललं की साचा पुन्हा लिहावा लागतो. ग्रुपला ते बंधन नाही. फक्त इंटरफेसचं नाव व्हेरिएबल ठेवायला विसरू नका.

लाइनीचा कलर (एसडी-वॅनमधलं लाइनीच्या प्रकाराचं लेबल) ठरवताना पुरवठादाराचं नाव डोक्यातून काढा. लीज्ड लाइन म्हणजे बिझ-इंटरनेट, ब्रॉडबँड म्हणजे पब्लिक-इंटरनेट, सिम म्हणजे एलटीई. पुरवठादार दर दोन वर्षांनी बदलतो. कलर त्याच्यावर बेतला तर प्रत्येक पॉलिसी त्याच्यासोबत बदलावी लागते. आणि ओळखायला सोपं जावं म्हणून ब्रॉडबँडला प्रायव्हेट१ सारखा कलर कधीच देऊ नका. प्रायव्हेट कलरची दोन टोकं एकमेकांशी नॅटच्या आतल्या पत्त्यावर बोलू पाहतात. नॅटमागच्या लाइनीवर तो टनेल उभाच राहत नाही, आणि कंट्रोल कनेक्शन (राउटर आणि कंट्रोलर यांची जोडणी) हिरवं दिसत असल्यामुळे चूक सापडायला वेळ लागतो.

टोपॉलॉजी हब-स्पोक करा (शाखांचे टनेल फक्त पणजी-मडगाव या हबांशी), आणि ती कंट्रोलरवरच्या (सगळ्या राउटरना मार्ग सांगणाऱ्या सर्व्हरवरच्या) पॉलिसीने. राउटरवर काही लिहू नका. मुळात पॉलिसी नसेल तर सगळ्यांचे टनेल सगळ्यांशी होतात. हिशेब पाहा. उरलेल्या २५ शाखांच्या प्रत्येकी २ लाइनी आणि दोन हबांच्या मिळून ४, म्हणजे शाखेच्या प्रत्येक लाइनीवरून ५४ टनेल. प्रत्येक टनेलवर सेकंदाला एक बीएफडी हॅलो (वाट जिवंत आहे का पाहणारं छोटं पॅकेट). पॅकेट १०० बाइटचं धरलं आणि जाण्यायेण्याचं एकेकच मोजलं तरी ४जी सिमवर काहीही काम न करता दिवसाला सुमारे ९३० एमबी खर्च. हब-स्पोकमध्ये तेच ४ टनेल, म्हणजे ६९ एमबी. एलटीई कलरचा हॅलो १,००० वरून ५,००० मिलिसेकंद केला की १४ एमबी.

सिम वाचवण्यासाठी लास्ट-रिसॉर्ट पर्याय आहे: बाकी सगळं पडल्यावरच ४जी जागं होतं. पतसंस्थेसाठी मी तो सुचवणार नाही. सिम रिचार्जअभावी बंद आहे हे तुम्हाला फायबर तुटेल त्याच दिवशी कळेल. मंद हॅलोवर ते सतत उभं ठेवा. मॅनेजर कनेक्शनचं प्राधान्य ४जीवर कमी ठेवा, १ वगैरे, पण ० नको. ० म्हणजे त्या लाइनीवरून मॅनेजरशी कधीच जोडायचं नाही. फायबर गेल्यावर शाखेचं कामकाज चालेल, पण नेमकी तेव्हाच ती तुम्हाला दिसणार नाही.

आता नंबरांकडे वळू. सगळा पुनर्वापर या शीटवर उभा आहे, म्हणून इथे घाई नको. साइट आयडीत (शाखेच्या ओळख-क्रमांकात) फक्त कधीही न बदलणारी माहिती घाला. शाखेत किती राउटर आहेत, कुठली लाइन आहे हे आयडीत कोंबलं, तर शाखा वाढली की आयडी बदलावा लागतो आणि तो बदल म्हणजे शाखा काही वेळ बंदच. गोव्यात तालुके १२. पहिला अंक प्रकाराचा: १ हब, ३ शाखा, ५ स्वतंत्र एटीएम. पुढचे दोन तालुक्याचे, उत्तरेकडून दक्षिणेकडे: ०१ पेडणे, ०२ बार्देश, ०३ डिचोली, असं करत ११ केपे, १२ काणकोण. शेवटचे दोन अनुक्रमाचे. कुडचड्यातली शाखा केपे तालुक्यातली दुसरी असेल तर ३११०२. प्रकाराचा अंक पुढे ठेवण्याचं कारण असं की पॉलिसीतली साइट लिस्ट सलग आकड्यांची रेंज घेते. ३०००० ते ३९९९९ लिहिलं की सगळ्या शाखा आल्या, उद्या उघडणारीसुद्धा.

याच आकड्यातून बाकी सगळं निघू द्या. सिस्टिम आयपी (राउटरची ओळख) १०.२५५.११.२. लॅन (शाखेच्या आतलं जाळं) १०.५१.१६.०/२१: दुसरा ऑक्टेट (ठिपक्यांमधला आकडा) म्हणजे ४० अधिक तालुका, तिसरा म्हणजे अनुक्रम गुणिले ८. एका /२१ मध्ये (रेषेपुढचा आकडा पत्त्यांच्या गटाचा आकार सांगतो; लहान आकडा, मोठा गट) /२४ चे आठ तुकडे पडतात: पहिला काउंटरला, दुसरा एटीएमला, तिसरा कॅमेऱ्यांना, चौथा फोनला, पाचवा व्यवस्थापनाला, सहावा पाहुण्यांच्या वायफायला, दोन शिल्लक. अख्ख्या तालुक्याचा एक /१६ होतो आणि त्यात ३१ शाखा मावतात. इतक्या कुणी उघडत नाही. काउंटर, एटीएम, कॅमेरे आणि पाहुणे यांचे व्हीपीएन वेगळे. ज्या शाखेत एटीएम नाही तिथेही त्याचा व्हीलॅन (लॅनचा वेगळा कप्पा) आणि व्हीपीएन ठेवा, इंटरफेस फक्त शटडाउन करा आणि ते शटडाउनच व्हेरिएबल करा. खोली रिकामी राहू दे, घराचा नकाशा बदलू नका.

एवढं केल्यावर शाखेमागे हाताने भरायच्या गोष्टी दहा-बारा उरतात: साइट आयडी, राउटरचा सिरियल, दोन वॅन इंटरफेसांची नावं, प्रत्येक लाइनीचा अपलोड-डाउनलोड, लीज्ड लाइन असेल तर तिचा पत्ता आणि गेटवे, सिमचा एपीएन (मोबाइल डेटाच्या जोडणीचं नाव), एटीएम आहे की नाही, नकाशावरची जागा. बाकी सूत्राने. व्हेरिएबल किती असावेत यावर माझी साधी कसोटी अशी: शाखेत जाणाऱ्या तंत्रज्ञाला हातातल्या कागदावरून जो आकडा सांगता येत नाही तो व्हेरिएबल नको. एनटीपी, सिसलॉग, एएए (राउटरवर लॉगिनची परवानगी), टाइमझोन, बॅनर हे सगळं ग्लोबल. "लागलं तर असू दे" म्हणून व्हेरिएबल केलेली गोष्ट सहा महिन्यांत सात शाखांत सात आकड्यांची होते.

शीट एक्सेलमध्ये करणार असाल तर प्रत्येक रकाना आधी टेक्स्ट करा. एक्सेल १५ अंकांपुढची अचूकता राखत नाही. सिमचा आयसीसीआयडी १९-२० अंकी असतो, त्याची शेपटी शून्यं होऊन जाते. १/१० असा पोर्ट लिहिला तर तारीख होते. फाइल अपलोड होते, मॅनेजर तक्रार करत नाही, आणि चूक सापडते ती थेट शाखेत.

बँडविड्थचा आकडा बिलावरून घेऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी ११ ला मोजा आणि त्याच्या ९० टक्क्यांवर शेपर (पाठवण्याच्या वेगाची मर्यादा) लावा. शेपर नसलेलं क्यूओएस (ट्रॅफिकचा प्राधान्यक्रम) म्हणजे शोभा: रांग तुमच्या राउटरवर लागतच नाही, ती ओएनटीत लागते आणि तिथे कॅमेरा काय नि काउंटर काय, सगळे सारखेच. उलट बाजूची, पणजीहून शाखेकडे येणारी गर्दी शाखेच्या शेपरला आवरत नाही. त्यासाठी हबवर पर-टनेल क्यूओएस लागतं आणि शाखेचा डाउनलोडचा आकडा त्यालाच हवा असतो. कॅमेऱ्यांच्या व्हीपीएनला ४जीची वाट डेटा पॉलिसीत पूर्ण बंद करा. फायबर तुटल्यावर आठ कॅमेरे सिमवर चढले तर महिन्याचा डेटा दुपारपर्यंत संपतो.

लाइन आजारी आहे पण मेलेली नाही, ही पावसाळ्यातली नेहमीची अवस्था. इथे सिस्कोची मूळ मापं कामाची नाहीत. ॲप-रूटचा (लाइनीची तब्येत पाहून वाट निवडणाऱ्या सोयीचा) कालावधी १० मिनिटं आणि गुणक ६, म्हणजे तासाभराच्या सरासरीवर निर्णय. तोवर काउंटरवर रांग दारापर्यंत जाते. कालावधी २ मिनिटं आणि गुणक ५ करा. पण यातही एक खाच आहे. सेकंदाला एक हॅलो असलेल्या फायबरवर १० मिनिटांत ६०० नमुने मिळतात; त्यात १ टक्का गळती म्हणजे ६ पॅकेट. ४जीवर हॅलो ५ सेकंदांचा केला असल्याने नमुने १२०च. दोन पॅकेट गळली की झाले १.७ टक्के. म्हणून १ टक्क्याचा एकच एसएलए (लाइन पास-नापास ठरवणारी मर्यादा) दोन्हीकडे लावला तर ४जी कायम नापास दिसेल. काउंटरच्या ट्रॅफिकसाठी गळती ३ टक्के, विलंब १५० मिलिसेकंद ठेवा, पसंती फायबरला, आणि एसएलए कुणीच पाळत नसेल तेव्हाही वाट ठरलेली असू द्या. निकष फार घट्ट केले तर सेशन दर दोन मिनिटांनी या लाइनीवरून त्या लाइनीवर उड्या मारतात. ते आजारापेक्षा वाईट.

शीटमध्ये यंत्राला नको असलेले पण माणसाला हवे असलेले रकानेही ठेवा. फायबर कुठल्या खांबांवरून येतं? दोन पुरवठादार घेतले आणि दोन्ही तारा वीज खात्याच्या त्याच खांबांवरून आल्या, तर एक माडाची झावळ दोन्ही घेऊन जाते. अशा शाखेला दुसरी लाइन फायबर नको, ४जीच बरी. ओएनटी कशावर चालतो? राउटर इन्व्हर्टरवर आणि ओएनटी भिंतीवरच्या साध्या प्लगवर, हे इतक्या ठिकाणी असतं की वीज गेल्यावर येणारी "लाइन डाउन"ची तक्रार आधी तिथे तपासावी. ओएनटी १२ व्होल्टवर चालणारा असेल तर छोटा डीसी यूपीएस पुरतो. आणि सिग्नल. जुन्या चिरेबंदी घरात असलेल्या शाखेत राउटरपाशी आरएसआरपी (४जी सिग्नलची ताकद) उणे ११० च्या खाली गेला तर बाहेर अँटेना लावा. कळंगुट-बागा पट्ट्यात उलटं होतं: सिग्नलच्या काड्या पूर्ण, पण डिसेंबरअखेर गर्दीत वेग नाही. तिथलं सिम जुलैत तपासून पास करू नका.

साचा शाखांवर चढवताना पहिल्या दिवशी एक शाखा, मग प्रत्येक साच्याची एकेक, मग पाच-पाच. सोमवार, महिन्याचे पहिले दहा दिवस आणि चवथीच्या आधीचा आठवडा सोडून. कॉन्फिगरेशन लावल्यावर राउटरचा कंट्रोलरशी संबंध तुटला तर तो सुमारे पाच मिनिटांत आपोआप जुन्यावर परततो, आणि यावर लोक फार विसंबतात. हा पाळणा फक्त वॅनसाठी आहे. तुम्ही काउंटरचा व्हीलॅन चुकवलात तर राउटर कंट्रोलरशी छान बोलत राहतो, मॅनेजरमध्ये सगळं हिरवं, आणि शाखेत एकही पासबुक छापत नाही. म्हणून तपासणी लॅनच्या बाजूने हवी: काउंटरच्या इंटरफेसवरून पणजीच्या सर्व्हरला पिंग, तोही १३०० बाइटचा आणि तुकडे न पाडण्याच्या खुणेसह, आणि बदलाआधीचे टनेल व ओएमपी रूट (कंट्रोलरने दिलेले मार्ग) यांचे आकडे कागदावर.

सामायिक भाग बदलला की तो वापरणाऱ्या सगळ्या शाखांवर एकदम जायला निघतो. तुम्हाला हवं होतं तेच हे, आणि धोकाही तोच. सिसलॉगचा पत्ता असा बदलायला हरकत नाही. ट्रान्सपोर्टमधला बदल मात्र नव्या आवृत्तीच्या प्रतीत करा, नावात व्ही३, व्ही४ असं लिहून, आणि शाखा एकेक करून तिकडे हलवा. सीएलआय ॲड-ऑनवर (हाताने लिहिलेल्या कमांडच्या पुरवणीवर) नजर ठेवा. साच्यात न बसणाऱ्या ओळी तिथे जमतात. वीस-तीस ओळींच्या पुढे गेल्या तर जुना कारभार मागच्या दाराने परत आला समजा.

एखादी शाखा बसणारच नाही. दिवाडीसारख्या बेटावर फायबर मिळालं नाही आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमंच लावावी लागली, तर? एका शाखेसाठी चौथा साचा करू नका. दुसरं सिम बाहेरच्या छोट्या ४जी राउटरमध्ये घाला आणि त्याची तार ब्रॉडबँडच्या पोर्टला द्या. साच्याच्या दृष्टीने तो आणखी एक ओएनटीच. कलर पब्लिक-इंटरनेटच राहतो, फक्त बँडविड्थचा आकडा कमी लिहायचा आणि कॅमेऱ्यांना बंदी इथे हाताने वाढवायची. तशा तीन शाखा झाल्या की मग वेगळ्या साच्याचा विचार करा.

शेवटचं, सुट्या राउटरचं. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात वॅन पोर्ट जळतात, म्हणून एक राउटर म्हापशात आणि एक मडगावात ठेवा. बदलताना जुन्याचे सगळे व्हेरिएबल नव्या सिरियलला द्यायचे, पण त्याआधी जुना राउटर मॅनेजरमधून अवैध करायचा. नाहीतर एकाच सिस्टिम आयपीचे दोघे समोर येतात आणि नवा आत घेतला जात नाही. कपाटात महिनोन्‌महिने पडलेल्या राउटरचं घड्याळ मागे पडलेलं असू शकतं, आणि वेळ चुकली की सर्टिफिकेटची पडताळणी फसते. शाखेत नेण्याआधी तो तासभर चालू करून वेळ आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती दोन्ही जुळवून घ्या.